माळरानाची अक्षरओळख

महाराष्ट्र शासनाने २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला. यातील पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा आणि अखेरचा डॉ. सालिम अली यांच्या जन्माचा. ही योजकता निश्चितच कौतुकास्पद आहे. सोलापुरात तर या सप्ताहाला घरच्या कार्याचे स्वरूप यावयास हवे. १९३२ साली चितमपल्ली याच शहरात जन्मले आणि येथेच शिकले. २००६ साली येथेच भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. वनखात्यातील प्रदीर्घ सेवेनंतरही विदर्भातच रमलेला हा अरण्यऋषी आयुष्याच्या संध्याकाळी आपल्या जन्मगावी परतला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरातच त्यांनी जगाचा निरोप घेतला.

सप्ताहाचे कार्यक्रम आता ठरून गेले आहेत. शाळांतून छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात, रविवारी पहाटे एकरुख तलावाच्या काठावर मुलांना नेऊन दुर्बिणीतून बदके दाखविली जातात. यातले काहीच वाईट नाही. परंतु हा सारा सोहळा डोळ्यांचा आहे, कानांना त्यात निमंत्रणच नाही. त्याचे एक कारण दिनदर्शिकेतच दडलेले आहे. कार्तिकात आपल्या परिसरातील बहुतेक स्थानिक पक्ष्यांनी गाणे आवरते घेतलेले असते. पक्षी गातो तो प्रामुख्याने जोडीदाराला बोलाविण्यासाठी आणि आपल्या क्षेत्राची सीमा इतरांना बजावण्यासाठी. विणीचा हंगाम सरला की ही दोन्ही कामे सरतात. लिंबाच्या झाडावर बसून चैत्रात अवघ्या पेठेची झोप मोडणारा कोकीळ नोव्हेंबरात त्याच लिंबावर मुकाट बसलेला असतो, आणि तो गाव सोडून गेला असे लोक समजतात. म्हणजे दोन थोर पक्षिमित्रांच्या जन्मतिथी वर्षाच्या नेमक्या मौनकाळात आल्या. तिथींचा काही दोष नाही. पण पक्ष्यांची ओळख म्हणजे त्यांचे दर्शन, हा समज मुलांच्या मनात त्यामुळे घट्ट होतो आणि तो दूर करणे आवश्यक आहे.

पक्षिनिरीक्षणात मुरलेल्या माणसाबरोबर अर्धा तास चालून पाहावे. त्याची मान खाली असते आणि तोंडाने तो एकेक नाव उच्चारीत जातो. बाभळीत शिंपी आहे, मागे बांधावर तित्तिर बोलतो आहे, वर घार नाही, शिक्रा आहे. दिसलेले त्यातले एखाददुसरेच असते. झाडीतला पक्षी दिसण्यापूर्वी ऐकू येतो. रात्रीचा पक्षी तर बहुधा ऐकूच येतो, दिसत नाही. रातवा हा पक्षी दिवसभर वाळलेल्या पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो, पायाखाली येईपर्यंत कळत नाही. पण अंधार पडल्यावर, गुळगुळीत खडा कठीण फरशीवरून टणटणत जावा आणि त्याच्या उड्या क्षणोक्षणी जवळजवळ पडत जाव्यात, तशी त्याची साद माळावरून येते. ती एकदा कानात बसली की त्याचे अस्तित्व लपत नाही. काही पक्ष्यांच्या बाबतीत तर डोळे फसवितात आणि कानच साक्ष देतात. इंग्लंडमधील सेल्बर्न या खेड्याचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात तेथील तीन हिरवट वटवट्यांची वेगळी ओळख पटविली. एरवी एकसारख्या दिसणाऱ्या त्या चिमण्या जिवांची गाणी मात्र तीन तऱ्हांची होती, आणि हे व्हाइट यांना कळले ते कानांमुळे. आपल्याकडेही दक्षिण भारतातील एक झुडपी चंडोल दीर्घकाळ ईशान्येकडील चंडोलाचाच पोटभेद मानला जात होता. स्वीडनचे पक्षिशास्त्रज्ञ पेर आल्स्ट्रोम यांनी १९९८ साली गाण्यांच्या आणि गाताना घेतल्या जाणाऱ्या भराऱ्यांच्या आधारे त्यांची जात निराळी ठरविली. पिसांनी जो निकाल दिला नव्हता तो आवाजाने दिला.

'आम्हांला कुठला तसला कान!' असे मध्यमवर्गीय घरांतून सहज म्हटले जाते. सोलापूरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. या शहरातले मूल बोलू लागण्यापूर्वीच मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चार भाषा ऐकत वाढते. भाजी मंडईत पाठमोरा उभा असलेला माणूस कोणती भाषा बोलतो आहे हे त्याला शब्दांचा अर्थ कळत नसूनही ओळखता येते. ते कशावरून ओळखते? शब्दावरून नव्हे, तर चालीवरून, हेलावरून, वाक्य कोठे चढते आणि कोठे टेकते यावरून. पक्ष्याची ओळख याच कसबावर चालते. यंत्रमागाच्या कारखान्यात उभा राहिलेला बाहेरचा माणूस त्या खडखडाटाने बधिर होतो. पण तेथे वर्षानुवर्षे काम केलेल्या विणकराला त्याच गदारोळात आपल्या मागाची लय बिघडली की मान न वळविताही कळते. हा कान उपजत नसतो, तो सवयीने घडतो. मग घरासमोरच्या पिंपळावरील तांबट आणि भारद्वाज यांच्या आवाजातला फरक त्याच कानाला अवघड का जावा?

आणि आपल्या भाषेने तर हे काम अर्धे करून ठेवले आहे. पक्ष्यांची नावे हीच त्यांच्या आवाजाची टिपणे आहेत. यास्काचार्यांनी निरुक्तात 'काक' या शब्दाची चर्चा करताना हे नाव त्या पक्ष्याच्या आवाजाच्या अनुकरणातून आले, आणि पक्ष्यांच्या नावांत असा प्रकार विपुल आढळतो, असे नोंदविले आहे. विशेष म्हणजे औपमन्यव या आचार्यांना हे मान्य नव्हते, आणि यास्कांनी तो मतभेदही प्रामाणिकपणे नमूद केला. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका व्याकरणविषयक ग्रंथात पक्ष्यांच्या आवाजावर विद्वानांचा वाद होतो, ही गोष्ट अभिमानास्पद खरीच. टिट्टिभ, तित्तिर, कोकिल ही संस्कृत नावे उच्चारून पाहिली तरी पुरे. मराठीने तीच रीत पुढे चालविली. कुटुर कुटुर करणारा तो कुटुर्गा. भारद्वाजाला खेड्यात कुक्कुडकुंभा म्हणतात, त्यात त्याचा घुमणारा 'कूप कूप' स्पष्ट ऐकू येतो. गवतात अखंड बडबड करणारा वटवट्या. जेथे आवाजाची नक्कल साधली नाही तेथे आवाजाचा व्यवसाय सापडला. तांब्याच्या भांड्यावर बारीक हातोडी पडावी तसा 'टुक टुक टुक' करणारा तो तांबट. हा तांबट चोच मिटून, गळा फुगवून आवाज काढतो आणि काढता काढता मान इकडेतिकडे वळवितो, त्यामुळे आवाज कधी या फांदीवरून तर कधी त्या फांदीवरून आल्याचा भास होतो. त्याला झाडात शोधणाऱ्याची त्रेधा उडते, ओळखणाऱ्याची उडत नाही.

तथापि पूर्वजांच्या वैभवाचे हे दाखले देताना एक अप्रिय प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. यास्कांचे नाव सभेत अभिमानाने घेणाऱ्या आपल्यातील कितीजणांना आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर रोज सकाळी कोण बोलते हे सांगता येते? यादवांच्या देवगिरीत तेराव्या शतकात शारंगदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. मयूराचा षड्ज, क्रौंचाचा मध्यम, कोकिळाचा पंचम ही सप्तस्वरांची परंपरा त्यात आलेली आहे. ती आपण शिबिरांतून, व्याख्यानांतून सांगतो. पण आंब्यावरचा कोकीळ एका स्वरावर थांबत नाही, प्रत्येक सादेगणिक चढत जातो आणि टिपेला पोहोचून एकदम थांबतो, हे सांगणारा क्वचितच भेटतो. गाणारा तो नर असतो, काळाभोर. ठिपक्याठिपक्यांची मादी गात नाही, 'किक्‌ किक्‌ किक्‌' असा कर्कश आवाज करीत पळते. तरीही गोड गळ्याच्या मुलीला आपण बिनदिक्कत कोकिळा म्हणत आलो! ग्रंथातला वारसा जपायचा तर ज्यांच्यापासून तो ग्रंथ आला त्या पक्ष्यांशीही काही नाते शिल्लक असावयास हवे.

एकच आवाज निरनिराळ्या जनपदांना कसा ऐकू आला याचे उदाहरण म्हणजे पावशा. ज्येष्ठ-आषाढात हा पक्षी तीन अक्षरी साद घालतो, दर वेळी पट्टी थोडी वाढवितो, टोकाला जाऊन थांबतो आणि पुन्हा तळापासून सुरू करतो. उत्तरेकडे त्याला 'पी कहाँ' ऐकू आले आणि तो विरहिणींचा पपीहा झाला. बंगाल्यांना त्यात 'चोख गेलो', म्हणजे डोळा गेला, असे ऐकू आले. येथील उकाड्याने त्रस्त झालेल्या इंग्रजांनी त्याला 'ब्रेन फीव्हर बर्ड' ठरविले, डोके तापविणारा पक्षी! महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मात्र ऐकले 'पेर्ते व्हा'. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या, तिफण दुरुस्त करून ठेवलेल्या माणसाला दुसरे काय ऐकू येणार? हा शब्द चुकीचा की बरोबर, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो आवाज स्मरणात राहावा म्हणून घातलेली ती गाठ आहे. उत्तम पक्षिनिरीक्षक आजही हेच करतात. प्रत्येक आवाजाला एखादे वाक्य, एखादे दृश्य, एखादी चेष्टा चिकटवितात. शिवाय या कामी देवनागरीइतकी सोयीची लिपी शोधून सापडणार नाही. त आणि ट, च आणि छ, ऱ्हस्व आणि दीर्घ, लांबविलेल्या स्वरासाठी अवग्रह, हे सारे तयार आहे. मुलाने वहीत 'टिटिव-टिटिव-टीऽटिव' असे लिहिले की लाल गाठीची टिटवी कागदावर उतरली. पिवळ्या गाठीची टिटवी माळावरच राहते. तिचा आवाज याहून तुटक आणि तीक्ष्ण असतो. या दोघींतला भेद ज्याला ऐकून कळला त्याचा पहिला धडा पूर्ण झाला असे समजावे.

पण आपल्या समाजाने पक्ष्यांचे आवाज ऐकले ते नेहमी निर्मळ कानाने ऐकले असे म्हणणे हे स्वतःची फसवणूक करून घेणे होईल. टिटवी रात्री ओरडली की घरात कोणीतरी जाणार, पिंगळा घरावर बोलला की अमंगळ, ही समजूत आजही सुशिक्षित घरांतून गेलेली नाही. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. कुत्रे, कोल्हा किंवा माणूस त्या बाजूस फिरकला की ती आकांत मांडते. तिच्या ओरडण्याचा अर्थ एवढाच की रात्री माळावर कोणीतरी चालते आहे. राखणदार म्हणून जिचे आभार मानावे तिलाच आपण अवदसा ठरविले. पिंगळ्याचे तर आणखी विचित्र. माळवदावर अंथरूण टाकून झोपणाऱ्या जुन्या सोलापूरकरांना त्याचा किरकिरता कलकलाट रोजचाच होता. या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असे सांगत पहाटेच्या अंधारात दारोदार फिरणारा पिंगळा हा लोककलावंतही महाराष्ट्राने पाहिला. त्याचे भविष्यकथन बाजूला ठेवू. पक्षी काही बोलतो आणि ते लक्ष देऊन ऐकण्याजोगे असते, एवढी गोष्ट तरी त्याच्या कंदिलाबरोबर घरोघरी पोहोचत होती.

ऐकण्याच्या या विद्येचे खरे आचार्य मात्र कोणत्याही ग्रंथात आले नाहीत. ते माळावर राहिले. फासेपारधी समाजाची उपजीविका तित्तिर-लावे पकडण्यावर होती. पाळीव तित्तिर पिंजऱ्यात ठेवायचा, त्याच्या हाकेला रानातला तित्तिर उत्तर देतो ते ऐकून अंतराचा आणि दिशेचा अंदाज घ्यायचा, आणि मग फासे लावायचे. प्रसंगी स्वतःच्याच तोंडाने ती हाक काढायची. पोट ज्याच्यावर अवलंबून आहे तो कान किती तल्लख असेल! इंग्रज सरकारने १८७१ सालच्या कायद्याने देशातील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला. पारधी समाजही त्या वरवंट्याखाली आला. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंटच होती. हा कायदा रद्द झाला १९५२ साली, पण गावाच्या नजरेतला संशय रद्द झाला नाही. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. शिकार थांबलीच पाहिजे होती, याविषयी दुमत नाही. परंतु शिकार थांबविताना त्या शिकाऱ्याच्या कानात साठलेल्या ज्ञानाचे काय करायचे, याचा विचार ना शासनाने केला ना समाजाने. जे ज्ञान मोबदला देत नाही ते एका पिढीत पुसले जाते. नातवाला तित्तिराची हाक येत नाही, कारण ती येऊन त्याला काही मिळणार नाही, उलट पोलीस मात्र येतील.

चितमपल्ली यांची थोरवी येथे ध्यानात येते. वनाधिकारी म्हणून ते ज्या ज्या रानात गेले, तेथील आदिवासी, पारधी, ढीवर, गुराखी यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. त्यांच्या तोंडची पक्ष्यांची, झाडांची, पायवाटांची नावे टिपून घेतली आणि ती मराठीच्या पदरात घातली. इंग्रजी संज्ञांपुढे हात टेकणे त्यांना मंजूर नव्हते. कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनी काकागार म्हटले, बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार. पक्षिकोशाच्या रूपाने त्यांनी ही नावे एकत्र बांधली. हंसदेवाचे संस्कृत मृगपक्षिशास्त्र मराठी वाचकापर्यंत आणण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. एका हातात संस्कृत पोथी आणि दुसऱ्या हाताला पारध्याचा हात, असा हा माणूस होता. त्यांच्या नावे सप्ताह साजरा करणाऱ्यांनी यातली पोथी तेवढी उचलली आणि दुसरा हात सोडून दिला. यमगरवाडीसारख्या ठिकाणी भटक्या-विमुक्तांची, पारधी समाजाची मुले आज शाळा शिकत आहेत. ती अक्षरे शिकली हे फार मोठे काम झाले. पण आजोबांकडून जे शिकण्याजोगे होते त्यालाही विद्या म्हणावे, हे त्यांच्या शिक्षकांनी आणि शहरातल्या शाळांनीही मान्य करावयास हवे. पक्षिनिरीक्षणाच्या सहलीत शहरी मुलांपुढे एखादा पारधी वृद्ध गुरुजी म्हणून उभा राहिला, त्याला इतर तज्ज्ञांप्रमाणे मानधन मिळाले, तर त्या मानधनाच्या रकमेपेक्षा मुलांनी त्याला केलेला नमस्कार अधिक मोलाचा ठरेल.

हे सारे निवांतपणे करण्याजोगे आहे काय? येथे नान्नजची आठवण अपरिहार्य आहे. सोलापूरपासून थोड्याच अंतरावरील या माळरानासाठी १९७९ साली माळढोक अभयारण्य घोषित झाले. कागदावर त्याचा विस्तार सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होता, तो २०१२ साली सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आला. माळढोकाचा नर पावसाळ्यातील विणीच्या दिवसांत गळ्याची पिशवी फुगवून एक खोल, घुमणारा हुंकार काढतो. शांत सकाळी तो सुमारे अर्धा किलोमीटर अंतरावरून ऐकू येतो. उत्तर भारतात काही ठिकाणी या हुंकारावरूनच त्याला हुकना म्हणतात, तर काही ठिकाणी तोच आवाज मेघगर्जनेसारखा वाटल्याने गगनभेर. आज देशभरात मिळून हा पक्षी दीडशेच्या आत उरला आहे, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे कृत्रिम प्रजननाचे प्रयत्न चालू आहेत आणि पिल्लेही वाढत आहेत. नान्नजला मात्र एखादी मादी दिसली तरी ती वृत्तपत्राची बातमी होते. तो हुंकार ऐकलेली माणसे आसपासच्या गावांत आहेत, पण ती म्हातारी होत चालली आहेत.

एखादा पक्षी दिसेनासा झाला की त्याची नोंद तरी होते. आवाज मात्र कोणाच्याही लक्षात न येता जातो. ज्याने तो कधी ऐकलाच नाही त्याला तो थांबल्याचे कळणार कसे? माळढोकाचे जे झाले ते चंडोलांचे, धाविकांचे, पखुर्ड्यांचे होऊ नये असे वाटत असेल तर माळाचा आवाज आज कसा आहे हे ऐकून ठेवणारे कान पाहिजेत. माळरानाला पडीक म्हणण्याची आपली सवय जुनी आहे. सरकारी दप्तरातही तो शब्द आहे आणि उत्साही स्वयंसेवी मंडळींच्या मनातही. दिसला मोकळा माळ की खोद खड्डा आणि लाव झाड, यालाच पर्यावरण म्हणतात अशी समजूत आहे. डोंबारी चंडोलाला त्या झाडाचे काय करायचे? तो उघड्या जमिनीवर घरटे करतो. विणीच्या दिवसांत नर हवेत उंच चढतो, पंख मिटून शीळ घालीत खाली झेपावतो, पुन्हा उसळी घेतो आणि पुन्हा झेपावतो. या कसरतीवरूनच त्याला डोंबारी हे नाव मिळाले. ज्याने ही शीळ एकदा ऐकली तो त्या माळाला पडीक म्हणणार नाही, आणि वृक्षारोपणाचा फलक घेऊन तेथे जाणारही नाही.

अलीकडे यंत्रांनी हे काम सोपे केले आहे असे सांगितले जाते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २०२१ साली मोबाइलवरील आपल्या मर्लिन या साधनात आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सांगण्याची सोय केली. तिच्यात भारतीय पक्षीही येऊ लागले आहेत. झेनो-कँटो या संग्रहात २००५ सालापासून जगभरातील हौशी लोक पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती जमा करीत आहेत. ही साधने उपयोगाची आहेत, त्यांना विदेशी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. अडले तर विचारावे. पण कोशाचा उपयोग भाषा येणाऱ्यालाच होतो. आवाज आला की खिशातून यंत्र काढायचे, नाव वाचायचे आणि ते परत खिशात टाकायचे, या क्रियेत मुलाच्या कानात काहीच उतरत नाही. दुसऱ्या दिवशी तोच दयाळ गाऊ लागला तरी यंत्र पुन्हा काढावे लागते. याहून गंभीर प्रकार म्हणजे विणीच्या काळात नराचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला कॅमेऱ्यापुढे बोलाविणे. आपल्या क्षेत्रात प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो नर चारा सोडून, पिल्ले सोडून त्या खोट्या आवाजाशी झुंजत राहतो. एका छायाचित्रासाठी एका घराची ही फसवणूक आहे. किरण पुरंदरे यांच्यासारखा पक्षिमित्र पक्ष्यांचे आवाज स्वतःच्या गळ्यातून काढून मुलांना शिकवितो. ते आधी ऐकण्याची तपश्चर्या झाल्याशिवाय जमत नाही, आणि त्याचे संस्कारमूल्य कोणत्याही यंत्राला येणार नाही.

घरच्या घरी आरंभ करायचा तर तो अगदी लहान असावा. एक जागा, गच्ची किंवा अंगण, आणि सूर्योदयाच्या आधीची दहा मिनिटे. त्या वेळी हवा स्थिर असते, वारा आणि वाहने उठलेली नसतात, भक्ष्य शोधण्याइतका उजेडही नसतो, म्हणून पक्षी गाऊन घेतात. आठवड्याला एकच आवाज पक्का करावा. आरंभी होल्यांपासून सुरुवात बरी, कारण ते सावकाश बोलतात. कंठावर काळी रेघ असलेला होला तीन मात्रांत घुमतो, लहान होला दबक्या हसण्यासारखे घुटुरघूं करतो. मग बुलबुल, शिंपी, दयाळ. आजोबांनी नातवंडांबरोबर बसावे हे उत्तम, मात्र उतारवयात बारीक आणि उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात हे लक्षात ठेवावे. नातू 'ऐका, ऐका' म्हणतो आणि आजोबांना काहीच ऐकू येत नाही, असे होईल. तेथे नातवाने गुरू व्हावे आणि भारद्वाज, पावशा, तित्तिर हे खालच्या आणि मधल्या पट्टीतले विषय आजोबांनी आपल्याकडे ठेवावेत.

शाळांसाठी मात्र दिनदर्शिकाच बदलावयास हवी. पक्षी सप्ताह नोव्हेंबरात खुशाल होवो, तो स्थलांतर करून आलेल्या पाहुण्यांचा आणि दुर्बिणींचा असू दे. चितमपल्ली यांचा स्मृतिदिन १८ जून हा आहे. त्या सुमारास सोलापुरातील शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, मृग नक्षत्र चालू असते, आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर येणारा चातक पोहोचत असतो, पावशा दिवसरात्र ओरडत असतो आणि माळावर चंडोल गात असतो. त्या दिवशी पहिला तास वर्गाबाहेर भरवावा. मुलांना झाडाखाली बसवून डोळे मिटावयास सांगावे. ऐकू येईल ते प्रत्येकाने देवनागरीत उतरवावे, आणि नाव सांगण्यासाठी माळाकडच्या एखाद्या वस्तीवरून पाहुणे म्हणून बोलाविलेल्या आजोबांकडे वही न्यावी. आजोबांना कदाचित वाचता येणार नाही. मुलाने आपण लिहिलेला आवाज त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा.